श्री अर्धनिद्राव्रत : साहित्य, विधी, फलश्रुती आणि उद्यापन

(नवशिक्या व्रतधाऱ्यांसाठी सोपी पुस्तिका)

प्रस्तावना

या व्रताला भटजी बोलवावे लागत नाहीत, सोवळंओवळं नाही आणि उपास तर अजिबात नाही. उलट रात्री साडेअकराला फरसाण चालतं. चाळीस ते साठ या वयातल्या कुणाही स्त्री-पुरुषाला ते करता येतं. गाव, पगार, शिक्षण यांची आडकाठी नाही. अंगाला लागते त्यापेक्षा तास-दोन तास कमी झोपायचं आणि जी झोप मिळेल ती सलग लागू द्यायची नाही, एवढंच व्रताचं स्वरूप आहे. चिकाटी मात्र हवी. व्रताचा काळ साधारण वीस वर्षांचा असून मोठं फळ सत्तरीनंतर पदरात पडतं. किरकोळ फळं दुसऱ्या दिवशी सकाळी, चष्मा शोधतानाच मिळू लागतात.

पुष्कळ घरांत हे व्रत आधीपासून चालू आहे. पण शास्त्र माहीत नसल्यामुळे आचरणात त्रुटी राहतात. कुणी सुट्टीत आजोळी जातं, तिथे रेंज नसते आणि सलग चार रात्री व्रतभंग होतो. कुणाचा फोन दुरुस्तीला जातो. एखाद्या रविवारी घरात कुणीच नसतं आणि माणूस चुकून साडेआठ तास झोपतो. अशांसाठी ही पुस्तिका.

अधिकार

हे व्रत विशीतली मुलंही करतात, पण खरा अधिकार मध्यमवयाचा. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे निम्मं काम निसर्गच करून ठेवतो. शिकागो विद्यापीठातल्या ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेच्या नोंदी तपासून २००० साली निष्कर्ष छापले. १६ ते २५ या वयात एकूण झोपेपैकी जवळपास १९ टक्के झोप सर्वांत गाढ प्रकारची होती. ३६ ते ५० या वयात ती साडेतीन टक्क्यांच्याही खाली आली होती. म्हणजे चाळिशीच्या माणसाकडे गाढ झोप मुळात थोडीच उरलेली असते. व्रतधाऱ्याला फक्त त्या थोडक्यावर हात मारायचा असतो. स्त्रियांना पाळी जाण्याच्या सुमारास अंगाची आग होणं आणि मध्यरात्री घामानं भिजून उठणं ही अधिकची मदत मिळते.

दुसरं कारण काळाचं आहे. अल्झायमरच्या रुग्णाला नावं आठवेनाशी होतात त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच मेंदूत बदल सुरू झालेले असतात. सत्तरीत जे घरच्यांच्या लक्षात येतं, त्याचा आरंभ पन्नाशीत, म्हणजे नेमका मुलाची बारावी, घराचे हप्ते आणि वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन एकाच वर्षी आलेलं असतं त्या काळात झालेला असतो. त्यामुळे व्रत लवकर धरावं.

साहित्य

मोबाइल एक. उशीपर्यंत पोचेल इतक्या लांब वायरीचा चार्जर एक. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप किमान तीन: दहावीच्या बॅचचा, सोसायटीचा आणि भावकीचा. (भावकीच्या ग्रुपवर जमिनीचा वाद चालू असल्यास विशेष फलदायी.) प्रत्येक भाग ऐन मोक्याच्या जागी तोडणारी मालिका एक. काळज्या घरात असतील तितक्या; बाहेरून आणाव्या लागत नाहीत. ऐच्छिक: दारू.

चहा-कॉफीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिके इथेच कमी पडतात. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. साठा तसाच राहतो, तो जाणवत मात्र नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. अमेरिकेत डेट्रॉइटच्या ख्रिस्तोफर ड्रेक यांनी २०१३ साली दाखवलं की झोपायच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफीनसुद्धा तासाभराहून जास्त झोप खातं. एवढं कॅफीन म्हणजे चांगली चार कप कॉफी. आपल्या कटिंगमध्ये ते कमी असतं, तेव्हा व्रतधाऱ्यानं संख्येत कसूर करू नये आणि संध्याकाळी कुणाकडे गेल्यावर "अर्धाच द्या" म्हणून पूर्ण कप घ्यावा.

मुहूर्त

मुहूर्त रोज वेगळा हवा. सोमवारी अकरा, मंगळवारी दीड, बुधवारी अमेरिकेतल्या साहेबांचा कॉल संपेल तेव्हा. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते चालवणारी पेशींतली यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना मिळालं. हे घड्याळ सकाळच्या उजेडाशी रोज आपली वेळ जुळवून घेतं. म्हणून सकाळी पडदे लावलेले ठेवावेत, रविवारी दहापर्यंत लोळावं आणि सोमवारी पहाटे साडेपाचला उठून घड्याळाची दिशाभूल करावी.

कोजागरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे' असं विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. ती वर्षातून एकदा विचारते. नेमकी कोणती रात्र याबद्दल उगाच धोका नको म्हणून व्रतधारी उरलेल्या ३६४ रात्रीही हजेरी लावतो.

सार्वजनिक सहकार्यही मिळतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी घातली आहे, पण वरातीतल्या डीजेवाल्यानं ते वाचलेले नसतात.

विधी

१. रात्रीचं जेवण दहानंतर घ्यावं आणि लगेच आडवं व्हावं. छातीतली जळजळ पहिले दोन तास सांभाळते.

२. अंथरुणात झोप सोडून सगळं करावं. विजेचं बिल भरावं, ऑफिसच्या मेलला उत्तर द्यावं, मुलाच्या क्लासच्या फीवरून वाद घालावा. असं काही महिने केलं की उशीला डोकं टेकताच मेंदू कामाला लागतो. सोफ्यावर बातम्यांसमोर पेंगणारा माणूस गादीवर पडताक्षणी टक्क जागा होतो, तेव्हा ही पायरी साधली असं समजावं.

३. दिवा घालवल्यावर मोबाइल तोंडासमोर धरावा. प्रकाशामुळे मेलाटोनिन हे रात्रीची वर्दी देणारं संप्रेरक मागे हटतं. तरी प्रकाशापेक्षा मजकूर जास्त गुणकारी. दहावीच्या बॅचमधल्या मागच्या बाकावरच्या मुलानं बाणेरला तिसरा फ्लॅट घेतल्याची बातमी अंधारातही काम करते.

४. पहाटे तीनला जाग आली की घड्याळ बघावं आणि हिशेब मांडावा: "आत्ता झोप लागली तर तीन तास वीस मिनिटं." दहा मिनिटांनी पुन्हा मांडावा. या आकडेमोडीत माणूस इतका गुंततो की उजाडतं.

५. ऐच्छिक साहित्य घेणाऱ्यांनी ते झोपण्याआधी तासभर घ्यावं. दारूनं झोप पटकन लागते म्हणून लोक तिला औषध समजतात. पण उतरणीला लागल्यावर, म्हणजे रात्रीच्या उत्तरार्धात, ती झोपेचे तुकडे पाडते आणि स्वप्नांची झोप कमी करते. पहिल्या अर्ध्या रात्रीवर विश्वास ठेवावा, दुसरीची चौकशी करू नये.

६. गजर उठायच्या वेळेच्या पाऊण तास आधीचा लावावा आणि पाच वेळा पुढे ढकलावा. साखरझोपेचे असे बारीक तुकडे दुसऱ्या कोणत्याही उपायानं होत नाहीत. शेजारी झोपलेल्या माणसालाही आपोआप पुण्य लागतं.

घोरणाऱ्यांसाठी विशेष सोय

काही भाग्यवंतांना वरचे सहाही उपचार लागत नाहीत. ते दहाला झोपतात, सहाला उठतात आणि तरी व्रत पूर्ण होतं. घोरताना घशाचे सैल पडलेले स्नायू श्वासाची वाट बंद करतात, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू घाबरून माणसाला निमिषभर जागं करतो. श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा अडथळा. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी यातलं एकही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

ही काही परदेशी चैन नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य-तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. त्यातल्या २५० जणांची झोप त्यांच्या घरी मोजली. २००४ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार साडेएकोणीस टक्क्यांची, म्हणजे पाचातल्या जवळपास एकाची झोप श्वासाच्या अडथळ्यांनी तुटत होती आणि साडेसात टक्क्यांना त्यामुळे दिवसाही पेंग येत होती. हे सगळे स्वतःला धडधाकट समजणारे, साध्या तपासणीला आलेले लोक होते.

आपल्याकडे घोरण्याकडे विनोद म्हणून पाहण्याची परंपरा मोठी आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण नावाचा एक समासच आहे आणि त्यात जांभया देणाऱ्या, घोरणाऱ्या माणसांचं गमतीदार वर्णन येतं. व्रतधाऱ्यानं ही परंपरा जपावी. बायकोनं "अहो, तुमचा श्वास मध्येच थांबतो, मला भीती वाटते," असं सांगितलं तर "अगं, दमलेला माणूस घोरणारच," म्हणून हसून सोडावं. घोरणारी स्वतः बायको असेल तर ही गोष्ट घरात कुणी बोलतच नाही, त्यामुळे तिचं व्रत अधिकच निर्विघ्न पार पडतं.

व्रताचे नियम

नियम एकच: आपल्या झोपेची फुशारकी मारावी. "मला पाच तास पुरतात" हे वाक्य चारचौघांत आठवड्यातून एकदा तरी उच्चारावं.

या नियमामागे भक्कम शास्त्र आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन आणि डेव्हिड डिंजेस यांनी ४८ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काहींना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं, काहींना चारच. सहा तासवाल्यांचीही एकाग्रता आणि स्मरणाची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीवर आली. गंमत पुढे आहे. त्यांना विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर आपली पेंग फारशी वाढलेली नाही असंच ते सांगत राहिले. झोप कमी पडल्यावर सगळ्यात आधी जर काही निकामी होत असेल तर ते म्हणजे झोप कमी पडल्याचं भान. तेव्हा पाच तास पुरतात असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं, आणि हे व्रत वीस वर्षं टिकतं ते याच बळावर.

खरोखर कमी झोपेवर भागणारी माणसंही असतात. कॅलिफोर्नियातल्या यिंग-हुई फू यांना एका घरातल्या मायलेकींत डेक-२ या जनुकातला असा बदल सापडला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. पण हा बदल फार दुर्मीळ आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये मात्र तो मजल्यागणिक दोघांत असल्याचं ऐकू येतं.

फलश्रुती

*पहिलं फळ, रोजचं.* "अगं, ते हे कुठं ठेवलंस?" "ते हे म्हणजे काय?" "ते गं, त्या ह्याच्यावर होतं ते." दिवसभरात मिळालेल्या नव्या आठवणी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात आधी नोंदल्या जातात. गाढ झोपेत त्यांची उजळणी होते आणि त्या हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरांत पक्क्या बसतात. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ सालीच दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून हे पाहिलं होतं. तेवढ्याच तासांनंतर, मधला वेळ झोपेत गेला असेल तर अक्षरं जास्त आठवत, जागेपणी गेला असेल तर कमी. ज्यानं उजळणीची वेळच रद्द केली, त्याला सोमवारी झालेली मीटिंग गुरुवारी नव्यानं अनुभवता येते.

*दुसरं फळ, अकरा वर्षांचं.* बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार अमेरिकी शहरांत १९८५ पासून कार्डिया नावाचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या ५२६ जणांच्या, सरासरी वय ४० असताना, मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली आणि अकरा वर्षांनी स्मरण-विचाराच्या चाचण्या घेतल्या. यूए लेंग आणि क्रिस्टीन याफी यांनी २०२४ च्या जानेवारीत निकाल मांडला. ज्यांची झोप सर्वांत जास्त तुटक होती अशा १७५ जणांपैकी ४४ जणांची कामगिरी कमकुवत निघाली; सर्वांत सलग झोपणाऱ्या १७६ पैकी फक्त १० जणांची. याच अभ्यासात झोपेच्या एकूण तासांचा मात्र असा संबंध दिसला नाही. नवशिक्यांनी इथे खूणगाठ बांधावी: तास मोजत बसू नये, तुकडे वाढवावेत.

*तिसरं फळ, पंधरा वर्षांचं.* कार्डियामधल्याच ५८९ जणांना चाळिशीच्या सुमारास आणि पुन्हा पाच वर्षांनी झोपेबद्दल प्रश्न विचारले होते: झोप कमी आहे का, चांगली लागते का, लागायला वेळ जातो का, मध्ये मोडते का, पहाटे फार लवकर जाग येते का, दिवसा पेंग येते का. आरंभापासून पंधरा वर्षांनी त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. यातल्या तीनपेक्षा जास्त तक्रारी असलेल्यांचा मेंदू, इतर घटकांचा हिशेब धरूनही, सरासरी २.६ वर्षांनी जास्त म्हातारा दिसत होता. दोन-तीन तक्रारीवाल्यांचा १.६ वर्षांनी. ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळायला अजून अवकाश असतो, पण मेंदूनं अर्ज आधीच टाकलेला असतो.

*चौथं फळ, पंचवीस वर्षांचं.* लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास हाही १९८५ चाच. सेव्हरीन साबिया यांनी त्यातल्या ७,९५९ जणांच्या नोंदी २०२१ साली मांडल्या. पन्नाशी, साठी आणि सत्तरी या तिन्ही टप्प्यांवर सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळला. या आकड्यानं कुणी उशी फेकून देऊ नये. त्या सगळ्यांत मिळून ५२१ जणांना स्मृतिभ्रंश झाला, म्हणजे शंभरात साडेसहा. ढोबळ हिशेबानं त्यात ३० टक्के वाढ म्हणजे शंभरात साडेआठ. एका माणसापुरता हा फरक लहान आहे. पण भारतात साठीपुढच्या दर शंभरातल्या ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. एवढ्या मोठ्या संख्येत लहान फरकही लाखांत मोजावा लागतो.

*पाचवं फळ, अदृश्य.* मेंदू दिवसभर काम करतो तेव्हा टाकाऊ पदार्थ तयार होतात. त्यातलं एक बीटा-अमायलॉइड, ज्याचे थर अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचलेले आढळतात. रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१३ साली उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते, तिथून द्रव वाहतो आणि अमायलॉइड वेगानं बाहेर जातं. गल्ली मोकळी झाली की घंटागाडी आत शिरते, तसं. माणसांतही २०१८ साली वीस निरोगी जणांना एक रात्र जागं ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागांत अमायलॉइडचं मोजमाप सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एका जागरणानं आजार होत नाही. व्रतधारी एकावर थांबत नाही, ही त्याची थोरवी.

शंकानिरसन

*शंका: हे सगळं सिद्ध झालंय का?* नाही. वर सांगितलेले मोठे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. आजाराची सुरुवात आधी होऊन तीच झोप बिघडवत असेल, ही शक्यता खरी आहे. म्हणूनच पन्नाशीतली, लक्षणांच्या कितीतरी आधीची झोप मोजणारे अभ्यास मोलाचे ठरतात. पण तिथेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे सगळी त्यात आहेत, झोप मात्र नाही. घंटागाडीच्या सिद्धांतालाही आव्हान मिळालं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना २०२४ साली उंदरांत उलटंच दिसलं: झोपेत आणि भुलीत निचरा मंदावत होता. वाद चालू आहे. व्रतधाऱ्यानं वाद मिटेपर्यंत व्रत चालू ठेवायला हरकत नाही. तोवर सत्तरी येतेच.

*शंका: मग काळजीचं कारण नाही?* आहे, पण आजाराच्या भीतीचं नाही. अपुऱ्या झोपेचा रक्तदाब, वजन आणि मधुमेहाशीही संबंध आहे आणि रक्तदाब व मधुमेह त्या १४ जणांच्या यादीत आहेतच. म्हणजे झोप पुढच्या दारानं आली नाही तरी मागच्या दारानं हजर आहे.

*शंका: हे वाचून मला आज रात्री झोप लागणार नाही.* उत्तम. झोपेच्या काळजीनं झोप जाणं ही व्रताची प्रगत अवस्था होय. मनगटावरच्या घड्याळात रोज सकाळी झोपेचे गुण पाहून दिवसभर खट्टू राहणारे साधक या अवस्थेला फार लवकर पोचतात.

*शंका: घरातले सगळेच हे व्रत स्वतःहून करतात का?* हा प्रश्न गंभीर आहे, म्हणून उत्तरही तसंच. रात्रपाळीचा वॉचमन, आयसीयूतली नर्स, पहाटेची पहिली लोकल पकडणारी घरकामाची बाई यांनी कुठलाही संकल्प सोडलेला नसतो. घरातही तेच. सासूबाईंना रात्री बाथरूमला धरून कोण नेतं, मुलीला ताप आला तर कुणाची झोप जाते आणि साडेपाचला डब्याची पोळी कोण लाटतं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. हौसेनं जागणाऱ्याची चेष्टा करता येते. जिच्यावर जागरण लादलं गेलं तिला "जरा लवकर झोपत जा" असा सल्ला देणं ही तिची चेष्टा आहे.

उद्यापन

ज्यांना वीस वर्षं दम धरवत नाही त्यांच्यासाठी हा विधी. आधीच सांगून ठेवलेलं बरं की उद्यापन व्रतापेक्षा कठीण आहे.

उठायची वेळ एक ठरवावी आणि रविवारीही तीच पाळावी. झोपायची वेळ जबरदस्तीनं ठरवता येत नाही, उठायची येते. तिच्यामागून झोप ठिकाणावर येते. सकाळी गॅलरीत किंवा रस्त्यावर उजेडात वीस-तीस मिनिटं काढावीत. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. अतिथीधर्म मोडला तरी चालेल.

झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं, पेंग आली की परत यावं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली मांडलेला हा उपाय साधा दिसतो, पण दुसऱ्या पायरीनं लावलेली सवय यानंच सुटते. हा आणि असे आणखी काही उपाय मिळून निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची मानसोपचाराची पद्धत झाली आहे. निद्रानाश जुना असेल तर गोळीच्या आधी हीच वापरावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ सालीच सांगितलं. अल्प्राझोलमसारखी गोळी शेजाऱ्यांच्या डब्यातून घेऊ नये. ती सवय लावते आणि नव्या आठवणी नोंदण्यातच अडथळा आणते. आधीपासून चालू असेल तर मनानं एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

घोरणं मोठं असेल, श्वास थांबत असेल, दिवसा गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. नाकाला मुखवटा लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणलं. मुखवटा लावलेला नवरा देखणा दिसत नाही, पण श्वास घेतो. पाळी जाण्याच्या काळातल्या रात्रीच्या घामालाही उपचार आहेत. "वयच आहे तसं" हे निदान नव्हे. आणि विसराळूपणा 'ते हे'च्या पुढे जाऊन रोजचा रस्ता चुकण्यापर्यंत, जमाखर्च न जमण्यापर्यंत पोचला असेल तर झोपेला दोष देत न बसता मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं.

उद्यापनाला दान लागतं. या व्रताच्या उद्यापनात दान झोपेचंच द्यायचं आहे, आणि पहिला मान घरात जी सगळ्यात शेवटी झोपून सगळ्यात आधी उठते तिचा. तिच्या वाट्याची दुधाची पिशवी, कुकर, डबा आणि सासूबाईंची रात्रीची हाक आठवड्यातले निदान तीन दिवस घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावी, न विचारता आणि न सांगता. भाजीत मीठ विसरलं तरी तिला उठवून विचारू नये. खारट-अळणी खाऊन घ्यावं, त्याचा प्रसाद म्हणून हिशेब धरला जाईल.